‘हॅकर म्हणा, पण चोर म्हणू नका!’

मैत्रिणींनो, आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर स्टीलचा एक डबा तीन महिने तसाच पडून होता. माझा नव्हता तो, शेजारणीचा होता. शेजारणीची वाटी असो की डबा, रिकामा परत करायची आपल्याकडे पद्धत नाही. पण त्या तीन महिन्यांत डब्यात काही घालून पलीकडे जायला मला तोंडच नव्हतं. वीस वर्षांचा शेजार एका शब्दापायी तुटला होता. तो शब्द म्हणजे ‘हॅकर’!

गोष्ट २०२२ सालच्या जूनमधली. दुपारची जेवणं आटोपून थोरल्या जाऊबाई जरा आडव्या झाल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला. आता बिल तर भावोजींनी वेळेवर भरलेलं. पण वीज जाणार म्हटल्यावर बाईच्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? फ्रीजमधलं दूध आणि पाण्याची मोटर! जाऊबाईंनी फोन लावला.

पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलत होता. ‘ताई, घाबरू नका. तुमचं बिल भरलेलं दिसतंय, फक्त सिस्टीमवर चढलं नाही. मी सांगतो तसं करा.’ त्याने एक ॲप डाउनलोड करायला लावलं. मग दहा रुपये भरायला सांगितले, फक्त दहा! त्यासाठी एका फॉर्मवर एटीएम कार्डाचा नंबर भरायला लावला. ते ॲप असं होतं की जाऊबाईंच्या फोनवर जे दिसतं, ते सगळं त्याला तिकडे बसल्या जागी दिसत होतं. कार्डाचा नंबर दिसला, बँकेचे ओटीपी आले तेही दिसले. त्याला काही विचारावंही लागलं नाही. ‘थँक्यू ताई, झालं तुमचं काम,’ म्हणून त्याने फोन ठेवला आणि जाऊबाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

संध्याकाळी बँकेचे मेसेज नीट पाहिले, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तीन वेळा मिळून शहाऐंशी हजार रुपये गेले होते. त्यातले साठ हजार तर त्यांचे नव्हतेच, आमच्या बारा जणींच्या भिशीचे होते!

जाऊबाई दोन दिवस गप्प राहिल्या. कोणाला सांगणार? भावोजी म्हणणार, तुला अक्कल नाही. भिशीतल्या बायका म्हणणार, पैसे खाल्ले. त्या दोन दिवसांत त्यांनी देवापुढे दिवा लावला, उपास धरला, पण फोन मात्र कोणाला केला नाही. तिसऱ्या दिवशी भिशी लागलेली मैत्रीण पैसे न्यायला आली आणि मग सगळं बाहेर आलं.

भावोजी ऐकून म्हणाले, ‘फोन हॅक झालाय. हे हॅकरचं काम आहे.’ आणि मग घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी एकच चेहरा आला.

शेजारणीचा मुलगा.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तो. सुट्टीत घरी आलेला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीत दिवा चालू असायचा. अंगात ते टोपीवालं काळं जर्किन, कानात वायरी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर काळ्या पाटीवर हिरवी अक्षरं. बोलायला म्हणाल तर ‘हो’, ‘नाही’, ‘बघतो काकू’. आणि मुख्य म्हणजे चारच दिवसांपूर्वी जाऊबाईंच्या फोनमध्ये मराठी अक्षरं त्यानेच घालून दिली होती. झालं! दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो?

भावोजी तरातरा त्यांच्या दारात गेले. जे बोलू नये ते बोलले. आळीतली चार माणसं जमली. आणि खरं सांगू? मी त्यांना थांबवलं नाही. उलट जमलेल्या बायकांत मीच म्हणाले, ‘मला त्याच्या लक्षणांवरून शंका होतीच.’ शेजारणीने ते ऐकलं. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघून दार लावून घेतलं. तिचा मुलगा मात्र उंबऱ्यात उभा होता. रडवेला झाला होता, तरी स्पष्ट म्हणाला, ‘काकू, हॅकर म्हणा हवं तर, पण चोर म्हणू नका.’

मी मनात म्हटलं, बघा, कबूलच केलं की!

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या फौजदार मॅडमनी जाऊबाईंचा फोन हातात घेतला, मेसेज पाहिले, ते ॲप पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘ॲप कोणी घेतलं?’

‘मी.’

‘कार्डाचा नंबर कोणी भरला?’

‘मीच.’

‘मग यात हॅक काय झालं, ताई? कुलूप कोणी तोडलंच नाही. त्यांनी तुमच्याकडूनच दार उघडून घेतलं. या महिन्यातली अशी कितवी तक्रार, मलाच आठवत नाही. आणि चार दिवस कुठे होतात? १९३० नंबरला त्याच दुपारी फोन केला असता, तर बरेच पैसे अडवता आले असते.’

जाऊबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला मात्र त्या क्षणी तो उंबऱ्यात उभा असलेला पोरगा दिसत होता.

‘हॅकर म्हणा, पण चोर नको’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला पुढे बरंच वाचावं, विचारावं लागलं. त्यातलं थोडं तुमच्याशी बोलते, कारण हा शब्द आता आपल्या सगळ्यांच्याच घरात आला आहे.

हा शब्द जन्माला आला तो चोरीच्या पोटी नाहीच मुळी! अमेरिकेत बॉस्टनजवळ एमआयटी नावाची नामांकित संस्था आहे. तिथे मुलांचा खेळण्यातल्या रेल्वेचा एक क्लब होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथली मुलं रुळांखालच्या वायरी आणि स्विचं रात्र-रात्र खटपट करून जोडायची. कोणी एखादी झकास युक्ती शोधून काढली, की तिला म्हणायचे ‘हॅक’. पुढे हीच मुलं संस्थेतल्या अवाढव्य कॉम्प्युटरकडे वळली आणि शब्दही सोबत घेऊन गेली. म्हणजे हॅकर कोण, तर वस्तू उघडून ती आतून कशी चालते हे पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही तो! आपल्या घरात नाही का एखादा पोरगा रेडिओ, घड्याळ, मिक्सर काय हाताला लागेल ते खोलून बसतो? आपण त्याला ओरडतो, पण फ्यूज उडाला की हाक त्यालाच मारतो.

मग या शब्दाला काळिमा लागला कसा? १९८३ साली ‘वॉरगेम्स’ नावाचा इंग्रजी सिनेमा आला. त्यात एक शाळकरी मुलगा घरच्या कॉम्प्युटरवरून थेट लष्कराच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि अणुयुद्ध होता होता वाचतं. त्याच वर्षी मिलवॉकी शहरातली काही मुलं खरोखरच पकडली गेली. सोळा ते बावीस वर्षांची पोरं ती! आपल्या गावाच्या एसटीडी कोडवरून त्यांनी टोळीला ‘४१४’ हे नाव दिलं होतं. लॉस अलामोसची अण्वस्त्र प्रयोगशाळा आणि न्यूयॉर्कचं एक कॅन्सर हॉस्पिटल, अशा ठिकाणच्या कॉम्प्युटरमध्ये ती शिरली होती. झालं, तेव्हापासून हॅकर म्हणजे अंधाऱ्या खोलीतला अचाट बुद्धीचा मुलगा, हे चित्र लोकांच्या मनात बसलं. गंमत म्हणजे त्या मुलांनी फार मोठी जादू केली नव्हती. अनेक ठिकाणी मशीनसोबत आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता!

या चित्रापायी माणसाचं काय होतं, ते केविन मिटनिकच्या गोष्टीत दिसतं. हा अमेरिकेतला एके काळचा सर्वांत गाजलेला हॅकर. त्याने गुन्हे केले होते हे खरं. मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून तो त्यांचे प्रोग्राम उचलायचा. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो पकडला गेला. पण भीती इतकी, की हा नुसता फोनमध्ये शिट्टी वाजवून अणुयुद्ध सुरू करू शकेल, असंही न्यायालयात सांगण्यात आलं म्हणे! आणि त्यापायी आपल्याला कित्येक महिने एकट्याला कोठडीत ठेवलं, असं तो पुढे सांगत असे. शिट्टीने अणुयुद्ध... आपल्याकडच्या चेटकिणीच्या गोष्टीच की या!

त्याची खरी हातोटी कशात होती, सांगू? बोलण्यात! तो कंपनीत फोन करायचा, मी अमक्या शाखेतला तमका, जरा अडचणीत आहे, तेवढा पासवर्ड सांगता का, असं म्हणायचा. आणि समोरची शिकली-सवरलेली, इंजिनीअर झालेली माणसं सांगायची! सुटून आल्यावर मार्च २००० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्याने स्वतःच सांगितलं, की माणसांना बोलण्यात गुंगवून माहिती काढणं इतकं सहज जमायचं, की कॉम्प्युटरशी झगडायची वेळ क्वचितच यायची. पुढे २०२३ मध्ये वारेपर्यंत, कंपन्यांना अशा फसवणुकीपासून वाचायला शिकवणं हाच त्याचा व्यवसाय होता.

हे वाचलं आणि मी जाऊबाईंना फोन करून सांगितलं. म्हटलं, ‘वहिनी, तिकडचे मोठमोठे इंजिनीअरसुद्धा फसलेत हो. तुम्ही एकट्याच वेंधळ्या नाही.’ त्या फोनवर थोडा वेळ गप्पच होत्या. मग म्हणाल्या, ‘हे जरा तुझ्या भावोजींनाही वाचायला दे.’

आता कोणी म्हणेल, मग खरे चोर हॅकर नसतातच की काय? असतात तर! ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरट्यांनी ९४ कोटींहून अधिक रुपये पळवले. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. त्यात खातेदाराने फोन उचलला नव्हता की ओटीपी दिला नव्हता. ती खरी हॅकिंग करून केलेली चोरी. पण त्यातही गंमत बघा. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ज्या अकरा जणांना शिक्षा सुनावली, ते कॉम्प्युटरचे किडे नव्हते. बनावट कार्डाने एटीएममधून पैसे काढण्याच्या साखळीतली माणसं होती ती!

आणि दुसरीकडे असाही एक हॅकर आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, इंग्लंडमध्ये हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. तो व्हायरस थोपवला कोणी? इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावात आई-वडिलांच्या घरी राहणाऱ्या बावीस वर्षांच्या मार्कस हचिन्सने! व्हायरस एका विचित्र नावाची वेबसाइट शोधतोय, हे त्याच्या लक्षात आलं. ते नाव कोणी घेतलेलंच नव्हतं. त्याने दहा-अकरा डॉलर भरून ते आपल्या नावावर केलं आणि व्हायरसचा जोर ओसरला. याच मुलाने पोरवयात बँकेची माहिती चोरणारा प्रोग्रामही लिहिला होता. त्यासाठी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याला अटक झाली. त्याने गुन्हा कबूल केला. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी त्याचं नंतरचं चांगलं काम मोजलं आणि आणखी तुरुंगवास दिला नाही. म्हणजे माणूस एकाच रंगाचा नसतो, हे तिथल्या न्यायाधीशांनाही कळलं. आमच्या आळीला नव्हतं कळलं.

मग हॅकर आणि चोर यांत फरक कसा करायचा? आपल्या बाजारात किल्ल्या करून देणारा बसतो ना, त्याच्यासारखा. त्याला कुठलंही कुलूप उघडता येतं. आपण किल्ली आत विसरून दार ओढून घेतलं, की धावत त्याच्याकडेच जातो. त्याला कोणी चोर म्हणत नाही, कारण तो आपण बोलावल्यावर येतो. तोच रात्री न बोलावता आला तर? हत्यार तेच, हात तोच. फरक फक्त परवानगीचा! आपला २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदाही हेच विचारतो. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं तर भरपाई द्यावी लागते. लबाडीच्या हेतूने शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून ज्यांची मुलं या वाटेला आहेत, त्या आयांना माझं एवढंच सांगणं आहे. पोराला ‘हे काय चाळे’ म्हणू नका. पण ‘ज्याचं कुलूप उघडतोयस त्याला विचारलंस का?’ हे मात्र जरूर विचारा. परवानगी देऊन, वर बक्षीस देऊन आपल्यातल्या चुका शोधून घेणाऱ्या कंपन्या आज पुष्कळ आहेत. आणि हेच काम पगार घेऊन करणारी मुलं-मुलीही!

शेजारणीच्या मुलाचं तेच झालं होतं, हे मला नंतर कळलं. त्याच्या कॉलेजच्या निकालाच्या वेबसाइटवर पत्त्यातला एक आकडा बदलला, की दुसऱ्याचे मार्क दिसायचे. कोणाचेही! त्याने ते जाऊन सरांना सांगितलं. शाबासकी राहिली बाजूला, ‘तुला काढून टाकू’ अशी तंबी मिळाली. म्हणून तो सुट्टीत असा घुम्यासारखा बसलेला होता. आणि त्यात आमची भर!

आपल्या मनातल्या त्या काळ्या जर्किनवाल्या चित्राने आमचं दुहेरी नुकसान केलं, मैत्रिणींनो. एक तर निरपराध पोरगा चोर ठरला. आणि दुसरं म्हणजे खरा चोर निसटला. ‘फोन हॅक झाला’ म्हटलं की वाटतं, ही काही तरी अजब करणी आहे, आपल्या हातात काय आहे? आणि आपण हातपाय गाळून बसतो. खरं तर हातात खूप काही असतं, फक्त वेळ फार थोडा असतो. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पळत असतात. १९३० वर लगेच सांगितलं, तर पोलिसांकडून बँकांना निरोप जातो आणि ते जिथे असतील तिथे गोठवता येतात. म्हणून आधी १९३०, मग आपली बँक, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी वेबसाइटवर तक्रार. नवऱ्याचा ओरडा खायला नंतर वेळच वेळ आहे! ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असं रिझर्व्ह बँकेने २०१७च्या परिपत्रकात म्हटलं होतं. म्हणजे गप्प बसण्याचा प्रत्येक तास आपल्याला महागात पडतो.

आमचे शहाऐंशीतले फक्त अकरा हजार एका खात्यात अडकलेले सापडले. तेही कोर्टाचा आदेश होऊन हातात पडायला चार महिने गेले. जाऊबाईंनी भिशीचे साठ हजार स्वतःची पाटली मोडून दिले. त्या दिवशी भिशीत त्यांनी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, काही न लपवता. मला वाटलं, बायका नावं ठेवतील. पण एक जण हळूच म्हणाली, ‘माझेही नऊ हजार गेलेत, लॉटरी लागली म्हणून. घरी अजून माहीत नाही.’ मग दुसरी बोलली. बारा जणींत चार निघाल्या! चौघी एकमेकींना दर महिन्याला भेटत होत्या आणि चौघीही तोंड मिटून होत्या.

तेव्हापासून भिशीत आमचा एक नियम आहे. घाई करणारा फोन आला, मग तो वीज तोडणारा असो, बँकेचा असो, नाहीतर ‘तुम्हाला डिजिटल अटक झालीय’ म्हणणारा नकली पोलीस असो, आधी ठेवून द्यायचा आणि दुसऱ्या एकीला लावायचा. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. आणि पैसे आपल्याकडे यायचे असतील, तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. एवढं वाक्य आमच्यातल्या सत्तर वर्षांच्या आजींनाही पाठ आहे.

आणि तो डबा? गौरीच्या सणाला मी त्यात करंज्या भरल्या आणि पलीकडे गेले. शेजारणीने दार उघडलं. मी म्हटलं, ‘चुकलं माझं. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, आज सगळ्यांसमोर माफी मागते.’ तिने डबा घेतला. ‘आत ये’ म्हणाली नाही. पण दोन दिवसांनी भिंतीवरून माझं भांडं आलं, त्यात अळूची भाजी होती. हळूहळू शेजार सांधला.

तिचा मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे. कंपन्यांच्या वेबसाइटमधली भगदाडं शोधून द्यायचं काम करतो, रीतसर परवानगी घेऊन! गेल्या दिवाळीत तो फराळाला आला होता. मी सवयीने फोन पुढे केला, म्हटलं, ‘बघ रे, हे कसलं सारखं अपडेट मागतोय.’

त्याने हात मागे घेतले. हसून म्हणाला, ‘काकू, तुम्हीच दाबा. मी सांगतो कुठे ते.’

फोनवर गोड बोलणाऱ्या परक्याने ‘हे दाबा’ म्हटलं, तेव्हा आमच्या घराने एका क्षणात विश्वास ठेवला होता. आणि लहानपणापासून आमच्या अंगणात खेळलेला हा मुलगा अजूनही आळीत कोणाच्याच फोनला हात लावत नाही.